शहरातले उंदीर, त्यांच्या अंगावरच्या पिसवा-उवा आणि त्यांची प्रकृती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीचे सेक्रेटरी, मंडईतले गाळेधारक, प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आणि रात्री अंगाला खाज सुटल्यामुळे हैराण झालेली घरं, अशा सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांना फक्त उंदीर कसा मारायचा ते हवं असतं. पण उंदीर मेला म्हणून त्याच्या अंगावरची पिसू मरत नाही. ती दुसरं अंग शोधायला निघते. त्यामुळे मारण्याआधी उंदराच्या अंगाकडे नीट पाहावं, असा माझा आग्रह आहे. उदाहरणं मुख्यतः मुंबईची आहेत, कारण या विषयातलं जगाला उपयोगी पडलेलं बरंचसं ज्ञान याच शहरात जमा झालं.

1. शहरात दिसतात ते सगळे उंदीर एकाच जातीचे का?

नाही. माळ्यावर, वायरींवर, झाडांवर सरसर चढणारा, लांब शेपटीचा, सडपातळ तो काळा उंदीर. रंग तपकिरी असला तरी नाव हेच. गटारात आणि बंदराच्या भागात राहणारा, जाड अंगाचा, अंगापेक्षा आखूड शेपटीचा तो तपकिरी उंदीर. जमीन पोखरून मातीचे ढीग बाहेर काढणाऱ्या त्या घुशी, आणि त्यांत लहान घूस व मोठी घूस अशा दोन वेगळ्या जाती आहेत. पूर्ण वाढलेला काळा उंदीर बहुधा 100 ते 200 ग्रॅम भरतो, तपकिरी 200 ते 500 ग्रॅम, आणि मोठी घूस किलोच्या आसपास जाऊ शकते. जात ओळखल्याशिवाय ‘हा उंदीर बारीक आहे’ किंवा ‘लठ्ठ आहे’ असं म्हणण्यात अर्थ नाही. 180 ग्रॅमचा काळा उंदीर खाऊनपिऊन सुखी असतो, तर तेवढ्याच वजनाची मोठी घूस पिल्लू तरी असते किंवा उपाशी तरी.

2. उंदराच्या अंगावर नेमकं काय काय असतं?

चार गट लक्षात ठेवा.

पिसवा: पंख नसलेल्या, बाजूंनी चपट्या, उड्या मारणाऱ्या. आपल्याकडे महत्त्वाची म्हणजे झेनोप्सिला चिओपिस, आणि तिची बहीण झेनोप्सिला अस्टिया. मोठी पिसू उंदराचं रक्त पिते, पण तिची अंडी बिळातल्या धुळीत पडतात. अळ्या तिथेच वाढतात आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतलं वाळलेलं रक्त खातात. म्हणजे अंगावर दिसतात त्या पिसवा हा एकूण कुटुंबाचा लहानसा भाग, बाकीचं सगळं घरटं सांभाळत असतं.

उवा: पॉलिप्लॅक्स आणि हॉप्लोप्ल्यूरा या वंशांच्या. जन्मापासून मरेपर्यंत केसांतच राहतात, लिखा केसाला चिकटवतात, उंदरापासून दूर पडल्या की थोड्या दिवसांत मरतात.

माइट: आठ पायांचे, कोळ्यांच्या नात्यातले. काही केसांत राहतात, काही कातडीत बोगदे करतात, तर ऑर्निथोनिसस बकोटी हा उष्ण प्रदेशातला उंदीर-माइट घरट्यात राहून फक्त रक्त प्यायला अंगावर येतो. चिगर माइटची फक्त अळी उंदरावर असते, बहुधा कानाच्या आतल्या बाजूला नारिंगी ठिपक्यांसारखी.

गोचीड: शहरातल्या उंदरांवर क्वचित. तुमच्या इमारतीत गोचिड्या असतील तर आधी कुत्र्यांकडे पाहा.

3. यांतलं माणसाला काय चावतं?

पिसवा आणि उंदीर-माइट चावतात. चिगर माइटची अळी चावते, पण ती बहुधा गवत-झुडपांच्या कडेला गाठते, फ्लॅटमध्ये नाही. उंदराच्या उवा माणसावर टिकत नाहीत. मुलांच्या डोक्यातल्या उवांचा आणि घरातल्या उंदरांचा काडीचाही संबंध नाही, आणि त्यावरून कुठल्याही मुलाला शाळेत ऐकून घ्यावं लागू नये.

पिसवांचे चावे बहुतेक घोट्याभोवती आणि पोटरीवर, दोन-तीन जवळजवळ असे येतात. माइटचे चावे कपडा घट्ट बसतो तिथे, म्हणजे कमरेला, काखेत, ब्राच्या पट्टीखाली येतात. ढेकणांचे चावेही असेच दिसू शकतात, म्हणून नुसत्या डागावरून निदान करू नका. पांढरे लांब मोजे घालून संशयित खोलीत दहा मिनिटं फिरा, पिसू असेल तर मोज्यावर काळा ठिपका दिसतो. माइटसाठी पलंगाच्या कडेला आणि पाइपाच्या भोकांपाशी पारदर्शक चिकटपट्टी लावून सकाळी भिंगातून पाहा.

4. घरातले उंदीर मारले आणि आठवड्याभरात सगळ्यांना खाज सुटली. असं का?

हा आम्हाला सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे. उंदीर मेला की अंग थंड पडू लागतं आणि पिसवा ते सोडतात. माइट तर घरट्यातच होते, त्यांचं रोजचं जेवण बंद झालं. माळ्यावर, एसीच्या मागे, फॉल्स सीलिंगमध्ये घरटं असेल तर ते तिथून भिंतीवरून खाली येतात. उंदीर-माइट उपाशीपोटी काही आठवडे काढू शकतो. पिसूची कोषातली अवस्था त्याहून चिवट: ती थांबून राहते आणि जवळपास हालचालीची चाहूल लागली की बाहेर पडते.

इलाज अंगावर नाही, घरट्यात आहे. घरटं शोधा, त्यावर कीटकनाशकाची भुकटी मारून घ्या, मग ते दुहेरी पिशवीत भरून बाहेर काढा. फटी बुजवा, चादरी गरम पाण्यात धुवा. खरजेची मलमं महिनोन्‌महिने लावूनही खाज थांबत नसेल, तर डॉक्टरांना ‘घरात उंदीर होते’ हे वाक्य आवर्जून सांगा. ते न सांगितल्यामुळे कितीतरी घरं चुकीच्या औषधांवर राहतात.

5. मग आधी काय करायचं, उंदीर मारायचे की पिसवा?

आधी पिसवा. यात तडजोड नको.

बिळांच्या तोंडाशी आणि उंदरांच्या ये-जा करण्याच्या वाटांवर भुकटीच्या रूपातलं कीटकनाशक टाकायचं. उंदीर त्यातून जातो, ती भुकटी अंगावर घेऊन बिळात नेतो आणि स्वतःचं घरटं स्वतःच साफ करतो. दोन-तीन दिवसांनी विषाचं आमिष किंवा पिंजरे लावायचे. शेवटी बिळं बुजवायची. भुकटी पाण्यात पडली की वाया जाते, म्हणून भर पावसात उघड्यावर हे काम करू नये. कुठलं रसायन वापरावं ते परवानाधारक माणसावर सोडा. पिसवा औषधांना दाद देईनाशा होतात, आपल्या देशात डीडीटीच्या बाबतीत हे 1950 च्या दशकाच्या अखेरीसच दिसलं होतं. त्यामुळे दरवर्षी तेच औषध डोळे झाकून मारणं बरोबर नाही.

पेस्ट कंट्रोलवाल्याला कंत्राट देताना एकच प्रश्न विचारा: ‘पिसवांसाठी काय करणार?’ उत्तर आलं नाही तर दुसरा माणूस पाहा.

चिकट पाटीबद्दलही इथेच सांगतो. ती लावू नका. उंदीर त्यावर तासन्‌तास जिवंत तडफडतो, हे एकच कारण मला पुरेसं आहे. शिवाय ती पाटी उचलणाऱ्याच्या हाताजवळ पिसवांनी भरलेला जिवंत प्राणी असतो.

6. मेलेला उंदीर सापडला तर कसा उचलायचा?

हातानं नाही, आणि झाडूनं ओढतही नाही. साबणाचं दाट पाणी किंवा जंतुनाशक फवारून अंग पूर्ण भिजवा आणि दहा मिनिटं थांबा. साबणाच्या पाण्यात पिसवा बुडतात. मग हातमोजे घालून, पिशवी उलटी करून उंदीर आत घ्या, वरून दुसरी पिशवी बांधा, जागा पुसा, हात धुवा.

अपवाद एक आहे आणि तो महत्त्वाचा. विष टाकलेलं नसताना एकाच परिसरात थोड्या दिवसांत अनेक उंदीर मरून पडले, तर काहीही उचलू नका. वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य विभागाला किंवा गावात प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा. कारण प्रश्न 7 मध्ये आहे.

7. उंदीर, पिसवा आणि प्लेग यांचा संबंध नेमका कसा कळला?

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईतल्या मांडवीत गाठीच्या तापाचे रुग्ण पाहून डॉ. अकेशियो व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचं सांगितलं. ते मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. गोदामांत उंदीर मरून पडत होते हे लोकांना दिसत होतं, पण दुवा कुणालाच माहीत नव्हता. सरकारनं गटारं कार्बोलिक या जंतुनाशकानं धुतली, घरांना चुना फासला, माणसं घराबाहेर काढली. त्यात लोकांचा अतोनात छळ झाला आणि पिसू मात्र जागच्या जागी राहिली. 10 मार्च 1897 रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांना जडलेला आजार कसा पसरतो हे तेव्हा जगात कुणीही सिद्ध केलेलं नव्हतं.

1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं प्लेग झालेल्या उंदराच्या पिसवांमार्फत निरोगी उंदराला लागण होते हे दाखवलं. त्यावर बरीच वर्षं विश्वास ठेवला गेला नाही. निर्णायक काम झालं ते मुंबईत. ग्लेन लिस्टन या डॉक्टरांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडले आणि उंदरांच्या पिसवा त्यांच्या अंगावर गोळा होतात हे पाहिलं. 1905 पासून प्लेग संशोधन आयोगानं परळच्या प्रयोगशाळेला केंद्र करून पुढचे प्रयोग केले. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यातले प्राणी आजारी पडले. पिसूची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेले वाचले. पिंजऱ्याभोवती चिकट कागद अंथरला तरीही वाचले. हवा तीच, जागा तीच, फरक फक्त पिसू पोचण्या-न पोचण्याचा. हीच प्रयोगशाळा 1925 पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते.

त्या आयोगानं आणखी एक गोष्ट टिपली आणि ती आजही कामाची आहे. मुंबईत आधी गटारातल्या तपकिरी उंदरांमध्ये साथ यायची, साधारण दहा दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांमध्ये, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसांमध्ये. उंदीर पडू लागले की माणसांच्या हातात सुमारे दोन आठवडे असतात.

पिसू ही साथ कशी पोचवते तेही 1914 मध्ये बॅकॉट आणि मार्टिन या संशोधकांनी उलगडलं. जंतू पिसूच्या पोटाच्या तोंडाशी वाढून गोळा बनवतात, मार्ग बंद होतो. भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि आत न जाणारं रक्त जंतूंसकट जखमेत परत येतं.

8. ‘पिसू निर्देशांक’ म्हणजे काय?

तपासलेल्या सगळ्या उंदरांवरच्या पिसवांची बेरीज भागिले उंदरांची संख्या. 50 उंदरांवर 60 पिसवा मिळाल्या तर निर्देशांक 1.2. फक्त चिओपिस जातीच्या पिसवा मोजून काढलेला निर्देशांक 1 च्या वर गेला की प्लेगच्या दृष्टीनं सावध व्हायचं, असा जुना प्रघात आहे. जात वेगळी काढणं गरजेचं, कारण अस्टिया ही प्लेग पसरवण्यात चिओपिसपेक्षा बरीच कमी कुशल आहे.

मात्र सरासरी फसवी असते. वरच्या उदाहरणात 40 उंदीर स्वच्छ असतील आणि उरलेल्या 10 जणांवर सहा-सहा पिसवा असतील, तरी आकडा 1.2 च येईल. निसर्गात परजीवी असेच वाटले जातात, थोड्या अंगांवर फार. म्हणून किती टक्के उंदरांवर पिसवा सापडल्या हा आकडा शेजारी लिहिलाच पाहिजे. आणि हे सगळं जिवंत पकडलेल्या उंदरांवरच मोजायचं. सकाळपर्यंत मरून पडलेल्या उंदरावर पिसवा न सापडणं हा पुरावा नाही, त्या कधीच निघून गेलेल्या असतात.

9. उंदराची प्रकृती चांगली की वाईट हे कसं ठरवतात? वजन केलं की झालं ना?

वजन हवंच, पण नुसतं वजन दिशाभूल करतं. पिल्लू हलकं असतं, गाभण मादी जड असते, आणि भरपेट खाऊन आलेला उंदीर काही ग्रॅमनं वाढलेला असतो. म्हणून वजनासोबत नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी घेतात. त्याच जातीच्या, त्याच लिंगाच्या, तेवढ्याच लांबीच्या उंदराचं जे अपेक्षित वजन, त्याच्यापेक्षा हा किती वर किंवा खाली, हा खरा आकडा. शेपटीची लांबी यात धरत नाहीत, कारण शहरातल्या कितीतरी उंदरांची शेपूट मारामारीत किंवा सापळ्यात तुटलेली असते. गाभण माद्या वेगळ्या मोजतात.

दुसरी पद्धत बोटांची. बेशुद्ध केलेल्या उंदराच्या पाठीच्या कण्यावरून आणि कमरेच्या हाडांवरून बोट फिरवायचं आणि 1 ते 5 गुण द्यायचे. मणके टोचतात, हाडं उघडी लागतात तो 1. मणके हलक्या दाबानं कळतात पण टोचत नाहीत तो 3. चरबीखाली हाडच सापडत नाही तो 5. प्रयोगशाळेतल्या उंदरांसाठी ही पद्धत बसवली गेली, पण सरावलेल्या हाताला ती बाहेरच्या उंदरांवरही जमते. मेलेला उंदीर उघडला तर मूत्रपिंडाभोवतीची चरबी पाहतात. सोबत दात, जखमा, कातडी आणि केसांची चमक यांची नोंद हवी.

10. अशक्त उंदरावर जास्त पिसवा-उवा असतात का?

विद्यार्थी हा प्रश्न ‘हो’ गृहीत धरूनच विचारतात. उत्तर परजीवीप्रमाणे बदलतं.

उवांच्या बाबतीत बरंचसं हो. उंदीर दिवसाचा मोठा वेळ स्वतःला चाटण्यात आणि दातांनी केस विंचरण्यात घालवतो, आणि उवा आटोक्यात राहतात त्या यामुळेच. पायाला इजा झालेल्या छोट्या उंदरांवर उवा झपाट्यानं वाढतात हे प्रयोगांत दिसलं आहे. तेव्हा म्हातारा, जखमी, दात वाढून वाकडे झालेला उंदीर उवांनी भरलेला असणं स्वाभाविक. इथे अशक्तपणा आधी, उवा नंतर.

पिसवांच्या बाबतीत चित्र अनेकदा उलटं दिसतं. मोठा, भरलेला, वयात आलेला नर जास्त फिरतो, अनेक बिळांत शिरतो, मारामाऱ्या करतो, त्याच्या अंगावर जागाही जास्त. त्यामुळे प्रकृती उत्तम आणि पिसवाही भरपूर, असा उंदीर मिळतो. तो पिसवांमुळे सुदृढ झालेला नाही, आणि पिसवा असूनही त्याला काही होत नाही असंही नाही. वय हे दोन्हींमागचं कारण आहे. म्हणून वय आणि लिंग वेगळं न काढता ‘पिसवा विरुद्ध वजन’ असा आलेख काढला तर त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

आणि पिल्लं ही तिसरी गोष्ट. घरट्यात पडून असलेल्या पिल्लाचं रक्त मुळात थोडं, त्यात माइट रात्रंदिवस शेजारी. तिथे परजीवी खरोखर जीव घेऊ शकतात. हे नुकसान पिंजऱ्यात कधीच दिसत नाही, कारण मेलेली पिल्लं पिंजऱ्यात येत नाहीत.

11. आमच्या गल्लीतल्या घुशी मांजराएवढ्या गुबगुबीत आहेत. म्हणजे त्या निरोगी आहेत आणि धोका कमी?

धोका कमी नाही. गुबगुबीत उंदराच्या मूत्रपिंडात लेप्टोस्पायराचे, म्हणजे लेप्टो या तापाचे, जंतू असू शकतात आणि त्याला स्वतःला काहीच होत नाही (प्रश्न 14 पाहा).

पण तुमचं निरीक्षण मोलाचं आहे. तपकिरी उंदराला दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम अन्न पुरतं. एखाद्या गल्लीतले बहुतेक उंदीर अंगानं भरलेले, माद्या गाभण आणि पिल्लं टपोरी असतील, तर तिथे ओला कचरा रात्रभर उघडा राहतो हे न पाहता सांगता येतं. मासळी बाजाराच्या मागे, खाऊगल्लीत, उघड्या कचरापेटीपाशी हेच चित्र असतं. अशा ठिकाणी विषाचं आमिषही नीट लागत नाही. समोर पावभाजी पडलेली असताना उंदीर गव्हाचे विषारी दाणे कशाला खाईल?

मुंबई महापालिकेचे रात्रपाळीचे मूषक संहारक टॉर्च आणि काठी घेऊन गल्ल्यांतून फिरतात, एका रात्रीत 30 उंदरांचं उद्दिष्ट पुरं करतात. ते काम अत्यंत कष्टाचं आहे आणि त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण कचरा तसाच राहिला तर वाचलेल्या उंदरांना जास्त अन्न, जास्त जागा मिळते, त्यांची प्रकृती सुधारते आणि माद्या जास्त पिल्लं वाढवतात. गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा. अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये 1940 च्या दशकात झालेल्या अभ्यासांतून हेच पुढे आलं: मारून घटवलेली संख्या पुन्हा भरून येते, अन्न आणि आसरा काढून घटवलेली टिकते. कचरापेटीला झाकण नाही तोवर त्या 30 उंदरांमागचे या माणसांचे कष्ट आपण वाया घालवत आहोत.

12. उंदराच्या कानाला, नाकाला पिवळट खपल्या आणि अंगावर टक्कल दिसलं. ही खरूज माणसाला होते का?

कान, नाक आणि शेपटीवर चामखिळीसारख्या जाड खपल्या असतील तर बहुधा नोटोएड्रिस म्युरिस या माइटची खरूज. ती माणसात सहसा घर करत नाही. माणसाच्या खरजेचा माइट वेगळा. नुसतं टक्कल असेल तर मात्र कारणं अनेक: बुरशी, जुन्या जखमा, अरुंद फटीतून रोज घासून जाणं. बुरशीचा संसर्ग माणसाला होऊ शकतो, त्यामुळे कारण कोणतंही असलं तरी उघड्या हातानं धरू नये.

13. उंदराच्या मागच्या पायांमध्ये मोठ्या गाठी आहेत. प्लेगची गाठ तर नाही?

नाही. ते पूर्ण वाढलेल्या नराचे वृषण आहेत. उंदीर आणि घुशींमध्ये ते अंगाच्या मानानं फार मोठे असतात आणि घाबरून फोन करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हेच पाहिलेलं असतं. मादीच्या पोटावर एका बाजूला लोंबणारी गाठ स्तनाची असू शकते, आणि मानेवर किंवा पाठीवरची मऊ गाठ बहुधा चाव्याच्या जखमेत झालेला पू. प्लेगचं निदान बाहेरून पाहून होत नाही.

14. पिसवांमुळे लेप्टो होतो का?

नाही. लेप्टोस्पायरोसिस उंदीर आणि इतर जनावरांच्या मूत्रातून, साचलेल्या पाण्यातून, जखमेवाटे किंवा डोळे-तोंडावाटे येतो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत त्याची मोठी लाट आली होती. पुराच्या पाण्यातून चालावं लागलं असेल तर प्रतिबंधक गोळीबद्दल पालिकेच्या दवाखान्यात लगेच विचारा.

पिसवांमुळे होणारा, आणि फार कमी ओळखला जाणारा, आजार म्हणजे म्युरीन टायफस. त्याचे जंतू पिसूच्या विष्ठेत असतात. आपण चावा खाजवतो आणि ती विष्ठा ओरखड्यात चोळतो. ताप, डोकेदुखी, काही जणांना अंगावर पुरळ. चिगर माइटमुळे होणारा स्क्रब टायफस हा आणखी वेगळा. 2018 मध्ये नागपूर आणि विदर्भात त्याचे बरेच रुग्ण आढळले. काखेत, जांघेत किंवा कमरेला सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली तर ती डॉक्टरांना दाखवा. दोन्हींवर वेळेत दिलेलं औषध चांगलं लागू पडतं.

15. प्लेग आता संपलाय ना?

नाही, शांत आहे. ऑगस्ट 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आढळला. तिथेही आधी उंदीर पडले होते आणि गावकऱ्यांनी पिसवा वाढल्याची तक्रार केली होती. म्हणजे प्रश्न 7 मधला क्रम जसाच्या तसा. आदल्या वर्षीच्या भूकंपानंतर सोडून दिलेल्या घरांतलं धान्य खाऊन उंदीर माजले, असं त्याचं कारण तेव्हा मांडलं गेलं. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगनं घबराट उडाली. त्यानंतर 2002 मध्ये हिमाचल प्रदेशात आणि 2004 मध्ये उत्तरकाशीत लहान उद्रेक झाले. आज हा आजार प्रतिजैविकांनी बरा होतो, अट एवढीच की उपचार लवकर सुरू व्हावेत.

16. पिसवा कोणत्या महिन्यांत जास्त असतात?

त्यांना ऊब आणि दमटपणा हवा, रखरखीत ऊन नको. जुन्या साथींत मुंबईत प्लेग हिवाळ्यात चढायचा, मार्च-एप्रिलमध्ये कळस गाठायचा आणि पावसाच्या तोंडावर ओसरायचा. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरून उंदीर घरांत चढतात, तेव्हा पिसू जमिनीवर कमी झाली तरी तुमच्या माळ्यावर वाढू शकते.

17. मांजरानं उंदीर पकडून आणला. मांजराला काय होईल?

उंदराची पिसू मांजरावर तात्पुरती येते, पण मांजराच्या अंगावर नेहमी असणारी पिसू वेगळ्या जातीची असते. पशुवैद्यांनी दिलेलं मानेवर लावायचं औषध वापरा. कुत्र्यासाठी आणलेलं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराला कधीही लावू नका, ते त्याला विषारी आहे. मोठा धोका दुसराच: उंदरानं रक्त पातळ करणारं विष खाल्लं असेल तर ते मांजराच्या पोटात जातं. हिरड्या पांढऱ्या पडल्या, मलूल वाटलं, तर थांबू नका. दिवसाढवळ्या मंद चालणारा, हलवूनही न पळणारा उंदीर बहुधा असं विष खाल्लेलाच असतो, म्हणून मांजर त्याच्यापासून लांब ठेवा.

18. परदेशातल्या स्वच्छ शहरांत हा त्रास नसेल ना?

न्यूयॉर्कमधल्या 133 उंदरांच्या तपासणीचे निष्कर्ष 2015 मध्ये आले. त्यांच्यावर मिळून 6,500 हून जास्त पिसवा, उवा आणि माइट सापडले, त्यांत आपली चिओपिसही होती. प्लेगचे जंतू मिळाले नाहीत, बार्टोनेला हे माणसाला आजारी पाडू शकणारे दुसरे जंतू मिळाले. थंड शहरांत बहुधा नोसोप्सिलस फॅसिएटस ही दुसरी पिसू जास्त असते.

19. चिचुंद्रीवरच्या पिसवा मोजायच्या का? ती तर उंदीर नाही.

बरोबर, चिचुंद्री कीटकभक्षी आहे, तिचं कुळच वेगळं. पण तिच्यावर झेनोप्सिला पिसवा सापडतात आणि ती त्याच मोऱ्यांतून, त्याच भिंतीकडेनं फिरते. मोजा, पण तिचा हिशेब वेगळ्या रकान्यात ठेवा. उंदरांच्या निर्देशांकात मिसळलात तर मागच्या वर्षांशी तुलना होणार नाही. तिच्या प्रकृतीचे गुण उंदरांच्या तक्त्यावरून देऊ नका, तिची चरबी साठवण्याची जागा आणि अंगाची ठेवण निराळी असते.

20. कॉलेजच्या प्रकल्पासाठी उंदीर पकडून तपासायचे आहेत. कसं करू?

एकट्यानं नाही. मार्गदर्शक, प्राणी नीतिसमितीची परवानगी आणि सुसज्ज प्रयोगशाळा नसेल तर करूच नका. असेल तर: पिंजरे संध्याकाळी लावून पहाटेच उचला. प्रत्येक पिंजरा वेगळ्या, जाड, पांढऱ्या कापडी पिशवीत घाला आणि तोंड घट्ट बांधा. दोन उंदीर एका पिशवीत गेले की कुठली पिसू कुणाची ते कायमचं हरवतं. भूल दिल्यावर उंदीर पांढऱ्या एनॅमलच्या ट्रेवर घेऊन शेपटीकडून डोक्याकडे बारीक कंगव्यानं विंचरा, कानाच्या आत भिंगातून पाहा, शेवटी रिकामी पिशवीही झटका. पुष्कळशा पिसवा तिथेच सापडतात. नमुने 70 टक्के अल्कोहोलमध्ये, प्रत्येक उंदराची वेगळी कुपी, आत पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

वजन, लांबी, लिंग, गाभण आहे की नाही, जखमा आणि पकडल्याची नेमकी जागा ही नोंद त्याच वेळी करा. जागा लिहिताना ‘दादर’ एवढं पुरत नाही. भाजीच्या गाळ्यामागचं गटार की तिसऱ्या मजल्यावरचा डक्ट, हे लिहा.